निवडणूक जवळ आली की वृत्तपत्राची नाडी कुठे दाबली जाते?

२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतल्या बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्र कचेऱ्यांची वीज तोडण्यात आली. राजधानीतली बरीच मोठी दैनिकं याच रस्त्यावर छापली जात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी अनेक वाचकांच्या हाती अंक पडलाच नाही. पाठोपाठ पूर्वतपासणीचा हुकूम निघाला. छापण्याआधी मजकूर सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जायला हवा होता. २८ जूनच्या अंकात ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, आणि त्या कोऱ्या चौकटीवरून वाचकांना जे कळायचं ते कळलं.

उघड सेन्सॉरशिपची सत्ताधाऱ्यांच्या दृष्टीने हीच मोठी अडचण आहे. ती दिसते. आणीबाणीत निवडणुका पुढे ढकलल्या होत्या, म्हणून ती दिसली तरी भागलं. पण ज्या सरकारला निवडणूक घ्यायची आहे, वर ती खुल्या वातावरणात झाली असं मतदारांना आणि परदेशी निरीक्षकांना सांगायचं आहे, त्याला असं उघडपणे वागणं परवडत नाही. त्यामुळे आजचं दडपण संपादकाच्या टेबलापर्यंत येतच नाही. ते येतं हिशेब खात्यात, कागदाच्या गोदामात, जाहिरात विभागात, बँकेच्या खात्यात. बातमीतला शब्दही कुणी बदलत नाही, तरी अंक निघत नाही.

हे नेमकं कसं चालतं ते एकदा नीट समजून घेऊ. आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘विरोधी वृत्तपत्र’ म्हणजे विरोधी पक्षाचं मुखपत्रच असं नाही. काही पत्रं खरोखर पक्षाची किंवा पक्षनेत्याच्या कुटुंबाची असतात. काहींचा कल उघड असतो. पण पुष्कळ पत्रांचा गुन्हा एवढाच असतो की त्यांनी टेंडरचे कागद मागितले किंवा मंत्र्याच्या खर्चाचा हिशेब छापला. सरकार या सगळ्यांना एकाच रांगेत बसवतं, कारण ‘हे तर विरोधकांचं पत्र’ म्हटलं की बातमीतल्या मजकुराला उत्तर द्यावं लागत नाही.

आता धंद्याचं गणित. दैनिक वाचकाला ज्या किमतीत मिळतं तेवढ्यात त्याचा कागद, शाई, छपाई, वाहतूक आणि पगार भागणं दुर्मीळ. उरलेला भार जाहिराती उचलतात. कागद आगाऊ मागवावा लागतो, तो बऱ्याच देशांत आयात होतो, आणि गोदामात मर्यादित साठा असतो. अंक रात्री छापून पहाटे शेकडो ठिकाणी पोहोचवायचा असतो. यातली एकही कडी निखळली तर अंकाचं सगळं काम अडतं. कालचा अंक आज कुणी विकत घेत नाही, त्यामुळे उशिरा सुटलेल्या अडचणीने कालचं नुकसान भरून निघत नाही.

या कड्यांपैकी सगळ्यात सोयीची म्हणजे कर.

झांबियात ११ ऑगस्ट २०१६ ला निवडणूक होती. २१ जूनला तिथल्या महसूल प्राधिकरणाचे लोक ‘द पोस्ट’च्या कचेरीत आले आणि सुमारे ६० लाख डॉलरच्या करथकबाकीसाठी त्यांनी जागा आणि छपाईयंत्रं ताब्यात घेतली. ‘द पोस्ट’ हे देशातलं सगळ्यात मोठं खासगी दैनिक, अध्यक्ष एडगर लुंगू यांच्यावर कडक टीका करणारं. मागणीच्या रकमेवर वाद होता आणि प्रकरण न्यायालयात होतं. पुढे कर अपील न्यायाधिकरणाने पत्राच्या बाजूने आदेश दिला. तो घेऊन संपादक फ्रेड म्मेम्बे कचेरीत शिरायला गेले, तर पोलिसांनी त्यांना, त्यांच्या पत्नीला आणि उपसंपादकाला अटक केली. पत्रकार दुसरीकडून, जमेल तसा, छोटा अंक काढत राहिले. लुंगू ५० टक्क्यांच्या किंचित वर मतं घेऊन जिंकले. नोव्हेंबरमध्ये कंपनी अवसायनात गेली आणि पत्र कायमचं बंद झालं.

एवढ्या निसटत्या निकालात एका दैनिकाने काय फरक पडला असता, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि कुणी सांगितलं तर त्यावर विश्वासही ठेवू नये. पण प्रचाराच्या ऐन सात आठवड्यांत देशातलं सगळ्यात मोठं खासगी दैनिक मतदाराच्या हाती पूर्ण स्वरूपात नव्हतं, एवढं मात्र खरं.

पुढच्या वर्षी कंबोडियात जवळजवळ तोच प्रकार घडला. ‘द कंबोडिया डेली’ला ६३ लाख डॉलरची करमागणी आली. महिन्याभरात भरा, नाहीतर गाशा गुंडाळा, असं पंतप्रधान हुन सेन यांनी जाहीरपणे सुनावलं. मुदत होती ४ सप्टेंबर २०१७. आदल्याच दिवशी मध्यरात्रीनंतर विरोधी पक्षनेते केम सोखा यांना अटक झाली. शेवटच्या अंकाच्या पहिल्या पानावर पत्राने तीच बातमी छापली, आणि देश उघड हुकूमशाहीत चालला आहे अशा अर्थाचा मथळा दिला. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने विरोधी पक्ष बरखास्त केला. जुलै २०१८ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला १२५ पैकी १२५ जागा मिळाल्या.

करच का? कारण कराच्या बाबतीत लोकांचं मन आधीच सरकारच्या बाजूला झुकलेलं असतं. आपण सगळे भरतो, मग पत्राच्या मालकाने का भरू नये? हा प्रश्न रास्त आहे, म्हणूनच तो चपखल बसतो. शिवाय करकायद्यात बहुतेक ठिकाणी आधी रक्कम भरा आणि मग भांडा अशी रचना असते. अपिलाला महिने लागतात, वर्षंही लागतात. आणि कुठल्याही कंपनीचे जुने हिशेब चाळले की वादाचा एखादा मुद्दा सापडतोच. एरवी तो मुद्दा फायलीत पडून राहतो. तो नेमका कधी बाहेर काढायचा, हे मात्र सरकार ठरवतं.

कागदाची गोष्ट याहून जुनी आहे. मेक्सिकोत १९३५ पासून अनेक दशकं वृत्तपत्राच्या कागदाचा मक्ता पिप्सा नावाच्या सरकारी कंपनीकडे होता. कागद कुणाला मिळेल, उधारीवर मिळेल की नाही, सगळं एका कचेरीत ठरायचं. भारतात १९६० मध्ये केंद्र सरकारने पानं आणि किंमत यांची सांगड घालणारा आदेश काढला. पुण्याच्या ‘सकाळ’ची तेव्हा आठवड्यातल्या सहा दिवसांची मिळून ३४ पानं होत आणि अंकाची किंमत ७ नवे पैसे होती. आदेशाप्रमाणे तेवढ्या किमतीत २४ पानंच देता येणार होती. म्हणजे पानं कमी करा नाहीतर किंमत वाढवा, आणि दोन्हींत वाचक तुटणार. छोट्या पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचवणं हा आपला हेतू असल्याचं सरकारचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो आदेश आणि त्यामागचा कायदा रद्द ठरवला. किती लोकांपर्यंत पोहोचायचं हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे त्या निकालाने पक्कं केलं. सरकारचा हेतू चांगला असेल किंवा नसेल. पानं मोजण्याचा अधिकार त्याच्या हाती गेला की पत्राचा गळा त्याच्या हाती जातो, हे न्यायालयाला तेव्हाच दिसलं होतं.

निकाराग्वातल्या ‘ला प्रेन्सा’चं उदाहरण अलीकडचं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात बोलकं. हे तिथलं सगळ्यात जुनं दैनिक. त्याचे संपादक पेद्रो होआकिन चामोरो यांचा सोमोसा राजवटीत, जानेवारी १९७८ मध्ये, खून झाला, आणि त्या खुनानंतर उसळलेल्या संतापाने ती राजवट उलथायला हातभार लावला. त्या क्रांतीतून सत्तेवर आलेले डॅनिएल ओर्तेगा पुढे स्वतःच या पत्राचे वैरी झाले. २०१८ च्या आंदोलनानंतर सीमाशुल्क खात्याने पत्राने आयात केलेला कागद आणि शाई अडवून ठेवली. बंदीचा हुकूम नाही, खटला नाही. माल गोदामात पडून, आणि सही करणारा कुणी नाही. हे दीड वर्षाच्या आसपास चाललं. पानं घटली, पुरवण्या गेल्या, माणसं कमी करावी लागली. त्याच सुमाराला ‘एल नुएव्हो दियारियो’ हे दुसरं दैनिक कागदाअभावी आणि तोट्यामुळे बंदच पडलं. फेब्रुवारी २०२० मध्ये पोपच्या राजदूताच्या मध्यस्थीने ‘ला प्रेन्सा’चा माल सुटला.

मग २०२१ उजाडलं, निवडणुकीचं वर्ष. मतदान ७ नोव्हेंबरला होतं. १२ ऑगस्टला पत्राने जाहीर केलं की कागद पुन्हा अडवल्यामुळे छापील अंक थांबवावा लागतोय. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी कचेरी ताब्यात घेतली. आरोप होता सीमाशुल्कातल्या फसवणुकीचा आणि मनी लाँडरिंगचा. त्यानंतर व्यवस्थापक हुआन लोरेन्सो ओल्मान यांना अटक झाली. ज्या खात्याने कागद अडवला, त्याच खात्याशी संबंधित गुन्हा पत्रावर लागला. जूनपासूनच अध्यक्षपदाचे विरोधी इच्छुक एकामागून एक ताब्यात घेतले जात होते, आणि त्यांत पेद्रो होआकिन यांची कन्या क्रिस्तियाना चामोरोही होत्या. मतदानाच्या दिवशी देशात एकही छापील राष्ट्रीय दैनिक उरलं नव्हतं.

जाहिरातींचं दडपण याहून मऊ असतं, म्हणून ते पकडणंही अवघड. सरकार, सरकारी बँका, सरकारी कंपन्या मिळून बऱ्याच देशांत सगळ्यात मोठे जाहिरातदार असतात. त्यांनी एका पत्राला जाहिरात देणं थांबवलं तर कायदा मोडला असं पटकन म्हणता येत नाही. खासगी कंपन्याही वारं ओळखतात. ज्यांना सरकारी ठेके हवे असतात, त्या त्या पत्रापासून हळूच दूर होतात. हंगेरीत तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांचे जुने मित्र, उद्योगपती लायोश शिमिच्का २०१५ मध्ये त्यांच्यापासून फुटले, तेव्हापासून शिमिच्कांच्या ‘मॉद्यॉर नेमझेत’ला सरकारी जाहिराती मिळेनाशा झाल्या. १९३८ पासूनचं हे दैनिक. ८ एप्रिल २०१८ ला ऑर्बान पुन्हा मोठ्या बहुमताने जिंकले आणि तीनच दिवसांनी पत्राचा शेवटचा अंक निघाला. पुढच्या वर्षी सरकारधार्जिण्या दैनिकाने तेच नाव उचलून आपल्या अंकावर लावलं. जुन्या वाचकांना याचं किती दुःख झालं असेल, याची कल्पना कुठल्याही नियमित वाचकाला करता येईल.

त्याच देशात मालकीची कडीही वापरली गेली. ‘नेपसाबॉदशाग’ हे डाव्या वळणाचं मोठं दैनिक. ऑक्टोबर २०१६ मध्ये पत्रकारांना सांगण्यात आलं होतं की नव्या जागेत जायचंय, सामान खोक्यांत भरून ठेवा. शनिवारी सकाळी त्यांच्या घरी कुरिअरने पत्रं आली: प्रकाशन स्थगित, कचेरीत येऊ नये. ईमेल बंद, दारं बंद. तोटा होतोय हे मालक कंपनीचं कारण होतं, आणि तोटा होता हे खोटंही नव्हतं. पण त्या आठवड्यांत पत्राने एका मंत्र्याच्या आणि मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरच्या बातम्या छापल्या होत्या, आणि महिना संपायच्या आत कंपनी ऑर्बान यांच्या निकटवर्तीयाशी जोडलेल्या समूहाने विकत घेतली. २०१८ च्या शेवटी ४०० हून अधिक माध्यमं त्यांच्या मालकांनी एका प्रतिष्ठानाला चक्क दान दिली. हे एकत्रीकरण राष्ट्रीय महत्त्वाचं आहे असं सरकारने जाहीर केल्यामुळे स्पर्धा आयोगाला त्याची तपासणी करता आली नाही.

तुर्कस्तानात २००९ मध्ये दोआन या माध्यमसमूहावर करापोटी अडीच अब्ज डॉलरच्या आसपास दंड लावण्यात आला. समूहाने हळूहळू पत्रं विकायला काढली, आणि मार्च २०१८ मध्ये ‘हुर्रियेत’सह उरलेली माध्यमं सरकारच्या जवळच्या उद्योगसमूहाकडे गेली. खरेदीसाठी कर्ज सरकारी बँकेने दिलं. जूनमध्ये निवडणूक झाली. त्याआधी ऑक्टोबर २०१५ मध्ये तर मतदानाला चार दिवस उरले असताना पोलीस कोझा इपेक समूहाच्या इमारतीत घुसले, न्यायालयाने नेमलेले विश्वस्त बसवले आणि ‘बुगून’ हे दैनिक विरोधकांच्या हातून गेलं. हा समूह सरकारच्या विरोधात गेलेले धर्मगुरू फेतुल्लाह गुलेन यांच्या चळवळीशी जोडलेला होता आणि दहशतवादाला पैसा पुरवल्याचा सरकारचा आरोप होता. आरोपाची चौकशी व्हायला हरकत नव्हती. पण चौकशीसाठी मतदानाच्या आठवड्यात अंकाचा संपादकच बदलावा लागतो, हे मला पटत नाही.

वाटप आणि परवाना यांबद्दल थोडक्यात. बेलारूसमध्ये २००६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘नारोदनाया वोल्या’ देशात छापून मिळेना, म्हणून ते रशियातल्या स्मोलेन्स्कहून छापून आणावं लागे. सरकारी टपालाने त्याची वर्गणी घेणं थांबवलं आणि सरकारी स्टॉलवर ते ठेवणं बंद झालं. पाकिस्तानात जुलै २०१८ च्या निवडणुकीआधी नवाज शरीफ यांची मुलाखत छापल्यावर ‘डॉन’चं वाटप अनेक भागांत रोखलं गेलं. टांझानियात पत्राला दर वर्षी परवाना घ्यावा लागतो. विरोधी नेते फ्रीमन म्बोवे यांच्या कुटुंबाच्या ‘टांझानिया दाइमा’चा परवाना जून २०२० मध्ये काढून घेतला गेला, निवडणूक ऑक्टोबरात होती. बंदी उठली ती २०२२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बदलल्यावर.

या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की मूळ डाव लक्षात येतो. निवडणुकीआधी पत्र कायमचं संपवायची गरज नसते. काही आठवडे निभावले की पुरे. ग्वाटेमालात ‘एल पेरिओदिको’चे संस्थापक होसे रुबेन सामोरा यांना जुलै २०२२ मध्ये अटक झाली, खाती गोठली, त्यांच्या काही वकिलांवरही खटले भरले गेले. छापील अंक वर्षअखेरीस गेला, संकेतस्थळ मे २०२३ मध्ये. सामोरांना शिक्षा सुनावली गेली १४ जूनला, पहिल्या फेरीचं मतदान २५ जूनला. ऑक्टोबरमध्ये ती शिक्षा वरच्या न्यायालयाने रद्द केली, तोवर दोन्ही फेऱ्या उरकल्या होत्या.

आणि परिणाम एका पत्रापुरता राहत नाही. शेजारच्या पत्राचा मालक हे पाहत असतो. त्याला कुणी फोनही करत नाही. तो स्वतःच संपादकाला म्हणतो, निवडणूक होईपर्यंत जरा सांभाळून. हे वाक्य कुठल्याही न्यायालयात पुरावा म्हणून येणार नाही, आणि मला तरी सगळ्यात जास्त चिंता याचीच वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकू नये. पत्रांचे मालक काही संत नसतात. ते कर चुकवू शकतात, जमिनी लाटू शकतात, पत्राआड दुसरे धंदे चालवू शकतात. पत्रकारितेचं कवच घालून कायद्यातून सुटका मिळता कामा नये. झांबियाचे म्मेम्बे तर पुढे २०२१ मध्ये स्वतः अध्यक्षपदासाठी उभे राहिले, त्यामुळे ते आधीपासून राजकारणीच होते असं म्हणायला टीकाकार मोकळे आहेत. ते खरं धरलं तरी न्यायाधिकरणाचा आदेश पाळायचा की नाही, हा प्रश्न तिथेच राहतो.

मग खरी करवसुली आणि दडपण यांतला फरक ओळखायचा कसा? मी स्वतः आधी पाहतो की इतर थकबाकीदारांचं काय झालं. तेवढीच रक्कम बाकी असलेल्या सरकारधार्जिण्या पत्राला हप्ते मिळाले आणि याला मात्र टाळं, असं असेल तर पुढे फार शोधावं लागत नाही. मग पाहतो की अपिलाला खरी संधी होती का, आणि वसुलीसाठी छपाईयंत्रच का जप्त केलं. ज्या यंत्रावर पैसा मिळवायचा तेच बंद केलं तर थकबाकी वसूल होणार कशी? आणि शेवटी पाहतो प्रकरण मिटलं कधी ते. कंबोडियाच्याच ‘नॉम पेन्ह पोस्ट’वरही ३९ लाख डॉलरची करमागणी होती. मे २०१८ मध्ये, मतदानाला तीन महिनेही नसताना, ते एका मलेशियन गुंतवणूकदाराला विकलं गेलं आणि करप्रकरण मिटल्याचं जाहीर झालं. नव्या मालकाच्या जनसंपर्क कंपनीच्या ग्राहकांत हुन सेन यांच्या सरकारचं नाव होतं, ही बातमी पत्राच्याच वार्ताहरांनी छापली. ती काढून टाका असं सांगण्यात आलं, मुख्य संपादकाला घालवण्यात आलं, आणि वरिष्ठ सहकाऱ्यांनी राजीनामे दिले.

उपाय नाहीतच असं नाही. आणीबाणीतही मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाच्या बाजूने निकाल देताना सेन्सॉरच्या अधिकाराला मर्यादा घातल्या होत्या. अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘रिओ नेग्रो’ पत्राच्या प्रकरणात सांगितलं की लाचखोरीची बातमी छापली म्हणून प्रांत सरकारला जाहिराती तोडता येणार नाहीत. तुर्कस्तानच्या घटनात्मक न्यायालयाने २०२२ मध्ये ‘जुम्हुरियेत’सारख्या पत्रांच्या सरकारी जाहिराती वारंवार रोखणं हा वृत्तपत्रस्वातंत्र्याचा भंग ठरवला. युरोपीय संघाचा माध्यमस्वातंत्र्य कायदा ऑगस्ट २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला असून सरकारी जाहिरातींचा पैसा कुणाला किती गेला, हे दरवर्षी जाहीर करणं त्याने बंधनकारक केलं आहे.

यात मला अजून एक तरतूद हवी आहे. निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत वृत्तपत्राचं यंत्र, कागद, बँक खातं किंवा परवाना यांवर कारवाई करायची असेल तर आधी न्यायाधीशासमोर उघड सुनावणी व्हावी, आणि थकबाकी असेल तर तिच्यापोटी तारण घेऊन अंक चालू ठेवावा. कर बुडणार नाही, खटलाही थांबणार नाही. फक्त त्या काही आठवड्यांत अंक रोज निघत राहील.